थांबलेली ऑपरेशनं पुन्हा सुरू करताना

(वरवट बकाल येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीला एका हर्नियाची गोष्ट सांगतो. मार्च २०२० मध्ये आमच्या ऑपरेशनच्या यादीत एक शेतकरी होते, साठीच्या पुढचे. जांघेत लिंबाएवढी गाठ. उभं राहिलं की बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. दुखणं नाही, काही नाही. त्यांच्या कागदावर मी माझ्या हाताने लिहिलं, ‘थांबू शकते’. पुढे टाळेबंदी लागली आणि यादी कपाटात गेली.

ऑक्टोबरात त्यांच्या मुलाने त्यांना मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं. गाठ बाहेर अडकून दीड दिवस झाला होता. पोट फुगलेलं, हिरव्या उलट्या. उघडून पाहिलं तर आतडं काळं पडलेलं. वीतभर आतडं कापून काढावं लागलं. माणूस वाचला, पण जे काम तासाभराचं होतं त्यासाठी तो अठरा दिवस दवाखान्यात राहिला. मुलगा मला व्हरांड्यात म्हणाला, “साहेब, तुमीच त म्हनलं होतं ना थांबा म्हून.”

म्हटलं होतं खरं. किती दिवस थांबा, आणि काय झालं तर थांबू नका, हे मात्र सांगितलं नव्हतं. मी तेव्हा कुठल्या दवाखान्यात होतो हे सांगत नाही, कारण त्या वर्षी हीच चूक बहुतेक सगळीकडे झाली. आज मला बोलायचंय ते यावर. ऑपरेशन थांबवणं सोपं होतं, एका पत्रात झालं. पुन्हा सुरू करणं हे वेगळंच काम निघालं, आणि ते आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं.

ते पत्र आलं २० मार्च २०२० रोजी. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सगळ्या रुग्णालयांना कळवलं की तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकला. महिना संपायच्या आत बुलढाण्यात कोरोनाने पहिला मृत्यू झाला आणि मग कुणाला समजावून सांगायची गरजच उरली नाही. थांबवण्याची कारणं चुकीची नव्हती. खाटा आणि ऑक्सिजन राखून ठेवायचा होता, डॉक्टर-सिस्टर आजारी पडू द्यायचे नव्हते, आणि तिसरं कारण स्वतः रुग्णाचं होतं. ते नीट समजून घेऊ.

मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांतले ११२८ रुग्ण, ज्यांना ऑपरेशनच्या आठवडाभर आधी किंवा नंतरच्या महिन्यात कोरोना झाला होता. त्यातले शंभरात जवळजवळ चोवीस जण तीस दिवसांत दगावले. अर्ध्याहून जास्त लोकांच्या फुप्फुसात गुंतागुंत झाली. आता हा आकडा ऐकून घाबरू नका, त्यातली बहुतेक ऑपरेशनं तातडीची होती, माणसं आधीच गंभीर होती. पण ठरवून केलेल्या ऑपरेशनांतही आकडा शंभरात एकोणीसच्या आसपास होता. एरवी असं होतं का? नाही.

असं का होतं? ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीने एक जखमच, कितीही व्यवस्थित केली तरी. जखम झाली की शरीरभर सूज उठते, रक्त घट्ट व्हायला लागतं. पोटाला टाके असले की माणूस दुखतं म्हणून खोकत नाही, दीर्घ श्वास घेत नाही, आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटून जातो. कोरोना नेमक्या याच वाटेने जातो: सूज, गुठळ्या, फुप्फुस. आधीच वाहती नाली, त्यात वरून पाऊस.

मग पुढचा प्रश्न. कोरोना होऊन गेला, माणूस बरा झाला, आता त्याला कधी टेबलावर घ्यायचं? आम्ही सुरुवातीला अंदाजाने सांगायचो, कोणी पंधरा दिवस म्हणे, कोणी महिना. ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या रुग्णालयांनी एकाच वेळी नोंदी केल्या, एक लाख चाळीस हजारांवर रुग्णांच्या. मार्च २०२१ मध्ये निकाल छापून आला. ज्यांना कोरोना झालाच नव्हता त्यांच्यात मृत्यू शेकडा १.५. कोरोनानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन केलं तर ४.१. तीन-चार आठवड्यांनी ३.९. पाच-सहा आठवड्यांनी ३.६. आणि सात आठवडे उलटल्यावर पुन्हा १.५.

बघा, सहा आठवड्यांपर्यंत धोका फारसा हलत नाही आणि मग खाली येतो. म्हणून ‘सात आठवडे’ हा शब्द त्या काळात सगळ्या सर्जनच्या तोंडी बसला. पण त्याच अभ्यासातली एक ओळ लोक विसरतात. सात आठवडे झाले, तरी ज्यांचा दम लागणं, खोकला, थकवा चालूच होता, त्यांच्यात मृत्यू शेकडा सहा होते. म्हणजे नुसतं कॅलेंडर पाहून चालत नाही, माणूस पाहावा लागतो.

पुढे लस आली, ओमायक्रॉन आला, आजार सौम्य झाला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की पहिले दोन आठवडे टाळा, दोन ते सात आठवड्यांच्या मध्ये रुग्ण पाहून ठरवा. हे सगळं ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी, बरं का. सिझर, अडकलेला हर्निया, फुटलेलं अपेंडिक्स यांना कसले आठवडे! ती तेव्हाही थांबली नाहीत, थांबता कामा नयेत.

माणूस पाहायचा म्हणजे काय करायचं? आपल्याकडे फुप्फुसाच्या मोठ्या तपासण्या नाहीत, आणि त्यावाचून बरंचसं कळतं. रुग्णाच्या बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र लावायचं आणि सहा मिनिटं व्हरांड्यात चालवायचं. आकडा चारने खाली घसरला, किंवा मध्येच भिंतीला टेकून उभा राहिला, तर आज भूल द्यायची नाही. शेतकऱ्याला मी विचारतो, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पूर्वीइतके तास निघतात का? या प्रश्नाचं उत्तर खोटं येत नाही.

आणि टेस्ट. त्या काळात ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणा’ हा मंत्र झाला होता. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे माणूस मोकळा, असं नसतं, लागण होऊन दोनच दिवस झाले असतील तर टेस्ट चुकते. उलट, बरा झालेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे मेलेले तुकडे कित्येक आठवडे सापडतात आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह येत राहतो. अशा पॉझिटिव्हपायी तीन-तीनदा परत पाठवलेले रुग्ण मी पाहिलेत. शेगावहून खामगाव, खामगावहून अकोला. जायचा-यायचा खर्च कोण देतो? तोच देतो.

आता यादीकडे येतो. ते काम कठीण आहे.

एका अंदाजानुसार लाटेच्या शिखराच्या बारा आठवड्यांत जगभरात दोन कोटी चौऱ्याऐंशी लाख ठरलेली ऑपरेशनं रद्द किंवा पुढे ढकलली गेली. भारतात पाच लाख ऐंशी हजारांवर. हा हिशोब मांडणाऱ्यांनी असंही म्हटलं होतं की प्रत्येक देशाने नेहमीपेक्षा वीस टक्के जास्त ऑपरेशनं केली तरी अनुशेष भरायला सुमारे ४५ आठवडे लागतील. विदर्भात अनुशेष हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वीस टक्के जास्त! ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण तीस खाटा. भूलतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाहेरून येणार. त्या दिवशी त्यांच्या गाडीचं टायर पंक्चर झालं की वीस टक्के तिथेच गेले.

म्हणजे सगळ्यांचं एकदम होणार नाही, कुणाचं आधी हे ठरवावंच लागतं. सोपा मार्ग तारखेचा: ज्याचं नाव आधी त्याचं आधी. न्याय वाटतो. आम्ही तेच केलं होतं, आणि म्हणूनच ते शेतकरी ऑक्टोबरपर्यंत यादीत पडून राहिले. रोग तारखेने चालत नाही. तोंडातला न भरणारा व्रण, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, ही माणसं यादीत शेवटी आली तरी पहिल्या आठवड्यात पुढे पाठवली पाहिजेत. पित्ताशयात खडे आहेत आणि दोनदा दुखून झालंय, तो महिनाभर थांबू शकेल, सहा महिने नाही. मोतीबिंदू थांबतो असं आपण धरून चालतो. तो पिकून फुगला की डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लाल होतो, डोकं फुटेस्तोवर दुखतं आणि नजर कायमची जाते. हायड्रोसील मात्र खरंच थांबतं, फक्त चालायला अडचण.

आणि बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. याला कोणत्याही यादीत ‘तातडीचं’ म्हणत नाहीत. पण दोन मुलं झाली, ऑपरेशनची तारीख मिळाली, ती रद्द झाली, आणि पुढच्या तारखेला ती बाई तीन महिन्यांची गरोदर, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं. तिच्यासाठी थांबणं हे थांबणं नव्हतंच. (पुरुषांची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांत होते, तीही बिनटाक्याची. समोर पुरुष मंडळी बरीच दिसतात म्हणून आठवण केली.)

तर यादी नुसती काढायची नाही, नव्याने वाचायची. यादीतल्या प्रत्येकाला फोन. चार प्रश्न: गाठ अजून आत जाते का, दुखतं का, मध्ये ताप-खोकला होऊन गेला का, नवीन गोळ्या कोणत्या सुरू झाल्या. आमच्याकडे हे काम शेवटी एका सिस्टरने आणि आशाताईंनी केलं. दोन दुपारी लागल्या. त्यात तिघं असे सापडले की ज्यांना दुसऱ्याच दिवशी बोलवावं लागलं, आणि काही जण हयात नव्हते. दोनच दुपारचं काम होतं ते, आणि आम्ही सहा महिने केलं नव्हतं.

आता थिएटर. लोकांना वाटतं कुलूप काढलं, झाडलं, की सुरू. चार-सहा महिने बंद असलेलं थिएटर म्हणजे चार-सहा महिने उभा ठेवलेला ट्रॅक्टर. आधी सगळं खोलून पाहावं लागतं. भुलीच्या यंत्राची नळी उंदराने कुरतडलेली असते. पाठीत द्यायच्या औषधाची मुदत संपलेली असते. शिवाय त्या काळात सगळीकडे घाईघाईने ऑक्सिजनच्या नव्या लाइनी टाकल्या, नवे प्लांट बसवले. भिंतीतल्या ज्या तोटीवर ऑक्सिजन लिहिलंय त्यातून ऑक्सिजनच येतो का आणि किती टक्के येतो, हे मीटर लावून मोजल्याशिवाय पहिला रुग्ण घ्यायचा नाही.

पण आपल्या भागातली सगळ्यात मोठी अडचण पुस्तकात सापडत नाही. ती आहे पाणी. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले लोक. साबणाला फेस येत नाही, भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, हे घरच्या बाईला ठाऊक आहे. तोच थर ऑटोक्लेव्हमध्ये बसतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे अवजारं आणि कपडे निर्जंतुक करायचा मोठा कुकर. कपड्यात गुंडाळलेलं सामान १२१ अंशांच्या वाफेत अर्धा तास राहिलं पाहिजे. बोअरचं खारं पाणी त्यात महिनोन्महिने साचून राहिलं की गरम व्हायच्या कॉइलवर खपली धरते, झडपा नीट बसत नाहीत, ड्रमात हवा अडकून राहते. काटा दाब बरोबर दाखवतो, पण आतलं तापमान तिथवर जातच नाही. बाहेरून सगळं ठीक आणि आतली अवजारं कच्ची! भाताचं वरचं शीत दाबून पाहिलं आणि खालचे तांदूळ तसेच राहिले, तसं. म्हणून नुसत्या काट्यावर विश्वास नाही. गठ्ठ्याच्या मधोमध रंग बदलणारी पट्टी ठेवायची, आणि वापर सुरू करायच्या आधी बीजाणूंची चाचणी करायची. उष्णतेला सहजी न मरणारे जंतू एका छोट्या कुपीत असतात, ते मेले तर यंत्र पास. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं वापरायचं. वान धरणाचं गोडं पाणी नळाला आलं तरी सवयीने बोअरची बादली ओतणारे मामा असतात, त्यांना रागावून उपयोग नाही, कॉइलवरची खपली काढून दाखवायची.

फ्युमिगेशनबद्दल दोन वाक्यं. फॉर्मॅलिनचा धूर केला की थिएटर शुद्ध, ही आपली जुनी श्रद्धा. तो धूर माणसाला घातक आहे आणि वाळलेलं रक्त काही त्याने निघत नाही. साबणाचं पाणी, घासणं, मग हायपोक्लोराइट, आणि कोरडं करणं. इतकंच.

हवेचं मात्र समजून घ्या. एसी लावला म्हणजे हवा बदलली असं नाही, भिंतीवरचा एसी तीच हवा फिरवून गार करतो. बाहेरची हवा आत आणि आतली बाहेर जायला हवी. तासाला बारा वेळा हवा बदलत असेल तर हवेतले ९९ टक्के कण जायला सुमारे २३ मिनिटं लागतात, सहा वेळा बदलत असेल तर ४६. म्हणजे श्वासनलिकेत नळी घालून पूर्ण भूल दिलेल्या एका रुग्णानंतर दुसऱ्याला लगेच आत आणायचं नाही. हा वेळ जातो, दिवसाची संख्या कमी होते, आणि बाहेर नातेवाईक चिडतात. इथे छोट्या दवाखान्याचं एक बरं आहे. सिझर, हर्निया, हायड्रोसील ही सगळी कमरेतून भूल देऊन होतात, रुग्ण स्वतःचा श्वास स्वतः घेतो, तोंडावर मास्क ठेवता येतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या थिएटरपेक्षा या बाबतीत आपण सुखी होतो.

आणि यंत्राइतकेच हात गंजतात. सहा महिने टाका न घातलेला सर्जन पहिल्याच दिवशी अवघड केस घेतो, ही फुशारकी आहे. आम्ही पहिले दोन आठवडे निम्मी यादी घेतली, सोपी ऑपरेशनं, आणि प्रत्येक वेळी चेकलिस्ट मोठ्याने वाचली: रुग्णाचं नाव, कोणती बाजू, ॲलर्जी, रक्त तयार आहे का. जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी ज्यांच्या पुढाकाराने झाली ते डॉ. अतुल गावंडे. त्यांचे वडील आपल्याच विदर्भातले, यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. २००९ मध्ये आठ देशांतल्या आठ रुग्णालयांतला निकाल छापून आला: यादी वाचायला लागल्यावर मृत्यू शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. कागदाचा एक तुकडा आणि दोन मिनिटं. तरी अजून काही थिएटरांत ती ऑपरेशन झाल्यावर एकदम भरतात. मीही भरलीय, खोटं कशाला बोलू.

आता तुमच्या बाजूचं. तीन गोष्टी.

पहिली किडनी. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या पट्ट्यात किडनीच्या आजाराचं घर किती गावांत आहे हे मी तुम्हाला काय सांगू. ज्याची किडनी अर्धी गेलीय त्याला ते ठाऊकही नसतं. म्हणून इथे लहानशा ऑपरेशनच्या आधीही क्रिएटिनिन तपासून घ्या, आणि रिपोर्ट जपून ठेवा. टाके दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन सहज दिलं जातं, अशा किडनीला ते झेपत नाही. तुम्ही सांगितलंत तर दुसरं औषध देता येतं.

दुसरी उपास. ‘रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही’ असं अजून सांगतात. मे महिन्यातलं आपलं ऊन, भूलतज्ज्ञ दुपारी दोनला पोहोचणार, आणि म्हातारा चौदा तास कोरडा. किडनीचं काय होईल? हलकं जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हा आजचा सर्वसाधारण नियम आहे. मात्र मनाने पिऊ नका, तुमच्या भूलतज्ज्ञाला विचारा. विचारायला लाजू नका.

तिसरी गोळ्या. कोरोनात अनेकांना स्टेरॉइड दिलं गेलं, काहींनी चिठ्ठीशिवाय दुकानातून आणून खाल्लं. त्याने शुगर वाढते. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्रात काय केलं ते आठवा, डोळे काढावे लागले माणसांचे. त्यातले बहुतेक जण वाढलेल्या शुगरचे होते. स्टेरॉइड बरेच दिवस खाऊन एकदम सोडलं असेल तर ऑपरेशनच्या ताणात ब्लड प्रेशर कोसळू शकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाठीतली भूल देताना मणक्यात रक्त साचू शकतं. या दोन्ही गोष्टी आधी कळल्या तर सांभाळता येतात. म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत टाकून आणा, नावं पाठ नसली तरी चालेल.

बोलायचं होतं ते बोललो. प्रश्न विचारा.

(एका श्रोत्या भगिनीचा प्रश्न: सुनेला मागच्या महिन्यात ताप-खोकला झाला होता, टेस्ट केली नाही. तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन ठरलंय. पुढे ढकलावं का?)

ताई, कशाचा ताप होता ते आता कळणार नाही. ती पूर्वीसारखी काम करते ना? दम लागत नाही, खोकला गेला? मग घेऊन जा, पण ताप येऊन गेला होता हे डॉक्टरांना सांगा. आणि तारीख पुढे गेलीच, तर तोवर पाळणा लांबवायचं दुसरं साधन विचारूनच घरी या.

(मागच्या रांगेतून एका वृद्ध श्रोत्याचा प्रश्न: मलेबी गाठ आहे साहेब जांगेत. झोपलो का आत जाते. तूर निघाली का येतो म्हनतो ऑपरेशनले. चालते का?)

बाबा, चालतं. पण ऐकून ठेवा, आणि शेजारी कोण बसलंय तुमच्या, मुलगा का? त्यानेही ऐका. गाठ कडक झाली, दाबून आत जाईना, किंवा उलटी झाली, तर तूर तशीच सोडायची आणि त्याच तासाला निघायचं, रात्र असली तरी. जड पोती उचलायची नाहीत. तूर कधी निघणार? पंधरा दिवसांत? मग तारीख आत्ताच लिहून घेऊ. आणि मी खाली उतरल्यावर इथे मंचामागे या, एकदा पाहून घेतो.